आधी आडनाव, मग पाय

त्यांनी आधी माझे पाय धुतले, मग आडनाव विचारलं. चूक झाली ती इथे.

निवृत्त मुख्याध्यापक होते ते. गावात सगळे ‘सर’ म्हणायचे. शेगावला पायी जाणारी दिंडी दारात आली की घरच्या कर्त्याने एकेकाचे पाय परातीत धुवायचे, ते पाणी डोळ्यांना लावायचं, मगच पंगत वाढायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. डोणगावहून आम्ही चाळीसेक जण निघालो होतो. चालण्याचा दुसरा दिवस होता.

सरांनी माझे पाय परातीत घेतले. टाचेवरचा फोड पाहून हळहळले. “लय चालली वं माही माय,” म्हणाले. पाणी ओतलं, पंच्याने पुसले. परातीतलं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, उरलेलं टकलावर शिंपडलं. आणि पंचा पिळता पिळता, अगदी सहज:

“आडनाव काय म्हनलं, माऊली, तुमचं?”

मी सांगितलं.

आमचं आडनाव आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ते ऐकलं की घरातली बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर लोकांना बसल्या जागी दिसते. सरांचा हात थांबला. टकलावरचं पाणी कानामागे ओघळत होतं. पुसावं तर हाताला लागतं, राहू द्यावं तर डोक्यावर. जन्मभर पोरांकडून समतेचे निबंध लिहून घेतलेला माणूस, चार थेंबांनी पार भांबावून गेला. खरं सांगते, मला हसू येत होतं.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “अवो, पानी काढून ठेवलं हाय. आंग धुऊन घ्या पयले.”

गेले. पंगत खोळंबली. चाळीस माणसं पत्रावळीसमोर बसून भजन म्हणत होती आणि न्हाणीतल्या तांब्याचा आवाज ऐकत होती. काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं. कोरडं धोतर नेसून सर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, तुमचं पान तिकडं कोपऱ्यात लावतो. मोकळं बसनं होईन.”

माऊलीची ताई व्हायला एक आंघोळ पुरली.

आणि मी उठून तिकडे जाऊन बसले. पिठलं-भाकर जेवलेसुद्धा. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. चाळिशीची बाई, जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका, बोट दाखवलं तिथे निमूट बसली. निघताना बाबा म्हणाले होते, “कायले जातं वं तिकडं? आपल्याले काय कमी हाय?” मी त्यांच्यावरच चिडले होते. रस्त्यावर सगळे एकमेकांना माऊली म्हणतात, वाकून पाया पडतात, आडनाव कुणी काढत नाही, असं ऐकून मी भुलले होते. त्या माऊलीची मला भूक होती. आज त्या भुकेचीच किळस येते.

दुपारी पुन्हा चालू लागलो. मंगलताई माझ्याच शाळेतल्या. त्यांनीच मला दिंडीत आणलं होतं. चालता चालता कानाशी लागल्या.

“दुसरं आडनाव सांगून द्यायचं ना वं. आता समोरच्या गावात माहंच सांगजो. बहीन हाय म्हनू.”

सरांचा आला नव्हता एवढा राग मला या मायेचा आला. सर निदान आंघोळ करून मोकळे झाले. ही बाई मला शेगावपर्यंत उसन्या नावाने चालवायला निघाली होती, आणि वर उपकार करतोय असं तिला वाटत होतं. याच आडनावापायी माझ्या बापाने वर्गाच्या दाराबाहेर बसून अक्षरं गिरवली होती.

मी म्हटलं, “ताई, बहीनच व्हायचं असन तर माहं आडनाव तुमी लावा.”

त्या दोन पावलं मागे पडल्या. पुढे दिवसभर माझ्या बाजूने चालल्या नाहीत.

संध्याकाळी पुढच्या गावात पुन्हा परात, पुन्हा पंचा. एक किराणा दुकानदार माझ्यासमोर वाकला. “पाय द्या, माऊली.”

मी पाय मागे घेतले. उभी राहिले. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं मोठ्याने सांगितलं, पंगतीच्या टोकापर्यंत जाईल असं.

“आता धुता काय?”

त्याने दिंडीच्या प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख टाळाची दोरी सोडवू लागले. दोरीला गाठ नव्हती. तांब्या त्याच्या हातात तसाच होता. मी भरपूर वेळ थांबले. घाई मला नव्हती. मग चपला घातल्या आणि समोरच्या हॉटेलात जाऊन पैसे देऊन जेवले.

दिंडी सोडली नाही. रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही. शेगावपर्यंत दर मुक्कामाला मी हेच केलं. एका म्हातारीने तेवढे धुतले, बाकी सगळ्यांना अचानक आत काहीतरी काम निघालं. पुढच्या वर्षीही जाणार आहे. भक्ती म्हणाल तर ती उरली नाही. ज्याला माझ्या पायांचं पुण्य पाहिजे, त्याने आडनाव ऐकून वाकायचं. नाहीतर परात उचलायची आणि माझ्या डोळ्यांदेखत घरात घेऊन जायची.