दुपारी चारचं धुकं

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला आमच्या चंद्रपुरात एकच प्रश्न विचारतात. मागचं ब्लर होते का? आवाज नीट येईल का, आजी एखाद्या फ्रेममध्ये सापडेल का, हे कुणी विचारत नाही. मागचं पुसट झालं की माणूस श्रीमंत दिसतो, असं इकडे सगळ्यांचं ठरलेलं आहे. मागे असतात पाण्याचे कॅन, एकावर एक रचलेल्या खुर्च्या आणि जेवणाच्या रांगेत भांडणारा नवरदेवाचा काका. ते पुसण्याचे मी पैसे घेतो. पन्नास एमएमची स्वस्तातली लेन्स घ्यायची, अॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि माणसाला भिंतीपासून लांब उभं करायचं. एवढ्या शास्त्रावर माझं घर चालतं.

बाकी सामान सांगितलं तर मोठे कॅमेरावाले हसतात. कॅमेऱ्याच्या बुडाला एक बोल्ट, बोल्टाला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली. ती वर ताणून धरली की हात हलत नाही. जमिनीलगतचा शॉट असला तर तांदळाची छोटी पिशवी ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा बसवायचा. आवाज कॅमेऱ्यात कधीच घ्यायचा नाही. बोलणाऱ्याच्या खिशात मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे घरी चित्र आणि आवाज जुळवता येतात. उन्हाळ्यात कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून मध्ये मध्ये सावलीत ओल्या दुपट्ट्याजवळ ठेवायचा. आणि कोरपन्याकडे गेलात तर उघड्यावर लेन्स बदलायची नाही. ती उशीच्या अभ्र्यात हात घालून बदलायची. तिकडच्या हवेत सिमेंट असतं.

हे शेवटचं वाक्य मी त्या साहेबासमोर बोललो आणि काम जवळजवळ गेलं.

साहेब कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्याचा. गावांसाठी कारखाना जे काही करतो ते लोकांना दाखवणं, ही त्याची नोकरी. पुण्याहून आलेला, लग्नाच्या वयाचा, शर्ट कायम इस्त्रीचा. वर्धापनदिनाला मुख्य ऑफिसचे पाहुणे येणार होते, त्यांना दाखवायला आसपासच्या फुललेल्या शेतीची फिल्म हवी होती. ड्रोन नको, महाग पडतो. पण दिसलं पाहिजे ड्रोनसारखं. "आणि दादा, धूळ दिसता कामा नये. आपल्याकडे धूळ नाहीच आहे. आमचे रिपोर्ट आहेत तसे," असं तो म्हणाला. तेव्हा त्याच्या गाडीच्या काचेवर बोटानं नाव लिहिता आलं असतं.

फिल्मसाठी त्यानं एक बाई निवडल्या होत्या. गावच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांचं शेत कारखान्याच्या रस्त्याला लागून, कपाशीत तुरीच्या ओळी. ट्रक उघडेच जायचे आणि फुटलेल्या बोंडांवर राखाडी थर बसायचा. बाजारात व्यापारी गाडीत हात घालायचा, बोटं चोळायचा आणि म्हणायचा, माल मळका आहे. बाईंची मागणी एकच होती. ट्रकांवर ताडपत्री टाका. साहेब त्यांना दर वेळी रिपोर्ट दाखवायचा. फिल्ममध्ये यायला त्या एका अटीवर तयार झाल्या होत्या आणि ती अट त्यांनी साहेबाला नाही, मला सांगितली.

"भाऊ, धूळ दिसली पायजे. सांगून कोनी ऐकत नाई, दिसन तं मानतीन."

मी म्हणालो, साहेबांना ती नकोय.

"मंग मी आजारी हाय," बाई म्हणाल्या आणि बाजेवर आडव्या झाल्या.

त्यांना उठवून सकाळी पहिलं शूटिंग केलं. ऊन माझ्या पाठीशी होतं. असं ऊन सगळ्या थापा पचवतं. समोरून उजेड पडला की धूळ विरून जाते, कपाशी पांढरी आणि आकाश निळं दिसतं. साहेबानं कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यात डोळे घालून पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"फ्लॅट वाटतंय, दादा. सिनेमॅटिक पाहिजे. त्या तेलुगू पिक्चरमध्ये असतं ना, मागून ऊन येतं?"

आता गिऱ्हाईकानंच मागितलं तर मी काय करणार? दुपारी चारला या, म्हणालो. मागून ऊन घ्यायचं तर सूर्य फ्रेमच्या किंचित बाहेर ठेवायचा, एक्स्पोजर उजेडाला धरायचं आणि काळवंडलेल्या चेहऱ्यावर थर्माकोलच्या पाटीनं उजेड परतवायचा. पण खरी गंमत निराळी. सूर्य धुळीच्या मागे आणि त्याच्याही मागे काहीतरी गडद असेल, तर हवेतला कण न् कण पेटतो. हे मी साहेबाला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं. त्यांनी शेतावरून एकदा नजर फिरवली आणि तुरीची सगळ्यात दाट ओळ दाखवली.

साहेबाला संस्कृतीही हवी होती. पहिल्या वेचणीआधी इकडे बाया बांधावर दहीभात ठेवतात, कपाशीच्या झाडाची पूजा करतात आणि मग वेचायला लागतात. बाईंची पूजा सकाळी उरकली होती, पण कॅमेऱ्यासाठी त्यांनी पुन्हा पानावर दहीभात मांडला. मी सुतळी ताणून उभा राहिलो, आणि रस्त्यावरून ट्रक गेला.

धुरळा उठला. तुरीच्या काळपट हिरव्यावर उन्हाचे पट्टे पडले, बाई त्यात अर्ध्या विरघळल्यासारख्या झाल्या. मला वाटलं, आता साहेब कट म्हणणार.

"वा," साहेब हळूच म्हणाला. "काय धुकं आहे. दादा, फॉग मशीन आणलंय का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. यात सगळा दोष त्याचा नाही. लग्नात नवरी स्टेजवर येताना पायाशी धूर सोडतात, त्याचे वेगळे पैसे आम्हीच लावतो. हवेत पांढरं काही तरंगलं की ते सुंदरच, ही सवय या जिल्ह्याला आम्हीच लावली. पण दुपारी चारला, उघड्या उन्हात, आपल्याच कारखान्याचा ट्रक नाकासमोरून गेल्यावर? साहेबानं फोन काढला, ड्रायव्हरला परत बोलावलं आणि तोच ट्रक त्याच रस्त्यानं पुन्हा जोरात न्यायला लावला. मग आणखी एकदा. दह्यावर राखाडी साय धरली. बाई हात जोडून बसल्या होत्या. त्या हसू दाबत होत्या की खोकला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्धापनदिनाला कारखान्याच्या सभागृहात फिल्म दाखवली. तो शॉट आला आणि टाळ्या पडल्या. मुख्य ऑफिसचे पाहुणे म्हणाले, अगदी हिल स्टेशन वाटतंय. मग आभाराचे दोन शब्द बोलायला बाईंना स्टेजवर नेलं. त्यांनी माईक हातात घेतला.

"ते धुकं नाई सायेब. दुपारी चार वाजता कोन्या गावात धुकं पडते? तुमच्या ट्रकचा धुरळा हाय तो. त्याच्याच खाली आमचा कापूस हाय. ताडपत्री टाका."

निवेदकानं हलकेच माईक काढून घेतला आणि म्हणाला, "ताई भावुक झाल्या आहेत." लगेच त्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि पुढचं नृत्य सुरू झालं. मला इतका राग आला की मी तारा गुंडाळत बसलो. माझा शॉट चोख होता. सगळ्यांनी पाहिला होता. धूळ दिसली मात्र कुणालाच नाही.

शॉट मोबाईलवरून जिल्हाभर फिरला. चंद्रपूर-भद्रावतीची जोडपी लग्नाआधीच्या शूटिंगला त्या रस्त्यावर येऊ लागली. नवऱ्या मुलाचे मित्र बाईंना विचारत, ट्रक किती वाजता जातो? आणि एक दिवस साहेबाचाच फोन आला. त्याचं लग्न ठरलं होतं. त्यालाही तीच जागा हवी होती, तेच धुकं.

होणारी नवरी पुण्याहून आली. पायघोळ पांढरा गाऊन, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स. साहेबानं ट्रक स्वतः सांगून ठेवला होता. ट्रक गेला, दोघं हात धरून चालत आली, शॉट देखणा झाला. साहेब म्हणाला, अजून एक. दुसऱ्या ट्रकनंतर तिचे डोळे लाल झाले आणि खोकला थांबेना. बाई शेतातून पाणी घेऊन आल्या. तिनं तोंड धुतलं आणि पांढऱ्या रुमालानं पुसलं. रुमालाकडे ती बघतच राहिली.

"हे काय आहे?"

"धुकं हाय ताई," बाई म्हणाल्या.

ती साहेबाकडे वळली. साहेब माझ्याकडे बघू लागला. मी लेन्स पुसू लागलो.

"रोज असतं हे?"

"आमाले रोज. तुमाले आजच."

पुढच्या आठवड्यात ट्रकांवर ताडपत्र्या आल्या. नव्याकोऱ्या, निळ्या. कुठल्याही रिपोर्टाशिवाय. बाईंची त्यानंतरची वेचणी पांढरी निघाली. त्यांनी मला कापसाच्या गाडीचा फोटो पाठवला, तोही मागचं ब्लर करून.

साहेबाचं पुण्यात लग्न झालं, त्याची बदलीही तिकडेच झाली. ताडपत्र्या आधी एका बाजूनं सुटल्या, मग दोन्ही बाजूंनी, मग दिसेनाशाच झाल्या. परवा बाईंचा फोन आला.

"भाऊ, नवा सायेब आला म्हंते. त्याचं लग्न झालं हाय का?"

विचारून सांगतो, म्हणालो. संधी लवकरच आली, नव्या साहेबानं नवी फिल्म करायला बोलावलं. चहा पिता पिता मी सहज विचारलं. लग्न झालंय, एक लहान मुलगा आहे. मग कुटुंबाला इकडेच आणणार असाल ना, मी म्हणालो.

"नाही हो," तो म्हणाला. "मुलाला इथली धूळ सोसत नाही."