कार्डावरचं कारण

"आता बघा, यांचं अंगच सांगतंय. बायको नकोशी झालीय यांना."

शिबिर घेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या आणि शाळेच्या हॉलमधली बाकीची पाचही जोडपी हसली. माझा नवरा दाराजवळ, चपलांच्या शेजारी, उघड्या फरशीवर आडवा झाला होता. डोळे मिटून. मी लांब, सतरंजीवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा-बायकोचं पटत नाही अशांसाठी दहिवलीत ते दोन दिवसांचं शिबिर भरलं होतं. आणीबाणी उठून चार-पाच वर्षं झाली असतील. मी बालवाडीत शिकवायचे, तिथं कळलं. बाई शहरातल्या, शिकलेल्या. श्वास सोडा, खांदे सैल करा, मन लपवतं ते अंग बोलतं, असं शिकवायच्या. माझा नवरा खोपोलीला कारखान्यात. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी पाठीवर हात ठेवला की दचकायचा. अंथरूण टाकायचा ते उंबऱ्याशी. "तुला माहेरी सोडतो, दुसरा बघ," म्हणायचा. मला तोच हवा होता. हातापाया पडून त्याला इथं आणलं.

आम्ही आत शिरलो तेव्हा तिथं बसलेल्या गावच्या पाटलीणबाईंनी आमच्याकडं पाहिलं आणि सतरंजीचं टोक स्वतःकडं दुमडून घेतलं. आम्ही बौद्ध, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. उरलेल्या पट्टीवर मी हट्टानं बसले. तोही बसला, अगदी कडेला. पण बाई "आडवे व्हा" म्हणाल्या आणि तो उठून सरळ चपलांपाशी गेला. कुणी पाठवलं नव्हतं. लहानपणी बापाबरोबर पाटलांच्या खळ्यावर जायचा, तेव्हा टेकायची जागा तीच. अंगात मुरलं होतं.

मी म्हणाले, "बाई, ते माज्यापासून लांब गेले नायत. सतरंजी कुनी दुमडली ते इचारा."

पाटलीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाई म्हणाल्या, "इथे जातीपातीचं आणू नका. हा तुमच्या दोघांचा प्रश्न आहे."

नवरा उठून बसला होता. मान खाली.

"गप गं. चूक माजीच हाय."

चूक कसली? मला रडूच फुटलं. बाईंचा राग आला, पाटलीणबाईंचा आला, पण सगळ्यात जास्त त्याचा आला. आणि त्याचीच कीवही आली. त्याच्या अंगाला पिढ्यांनी शिकवलं होतं. माझ्या हाताशी दोन दिवस होते.

निघताना बाईंनी आमच्या नोंदीचं कार्ड पुढं केलं. न पटण्याचं कारण लिहिलं होतं : पतीला पत्नीविषयी ओढ नाही. खाली दोघांनी सही करायची. त्यानं मुकाट केली. मी पेन खाली ठेवलं.

"हे खोटं हाय. मी सही नाय करनार."

"मग आम्ही मदत कशी करायची?"

"नका करू."

आठवड्यात त्यानं मला भिसेगावला आईकडं पोचवलं. दारातूनच वळला. त्याला धरून ठेवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

तो परत आला नाही. लोक म्हणतात, नवऱ्याला ही आवडली नाही. मी तिथल्या तिथं सांगते काय झालं ते. दहिवलीत पाटलांच्या दारातही सांगितलंय. संसार मोडला तो मोडला. पण तो कुणी मोडला याचं खोटं उत्तर, मेले तरी, मी कुणाला लिहू देणार नाही.