सुलभाताईंची बिनपरीक्षेची शाळा

मला भीती वाटतेय.

सुलभाताई आज पहाटे गेल्या.

करी रोडला आमच्या चाळीत त्यांची खोली शेवटची. शिक्षिकेची चांगली नोकरी सोडून त्यांनी त्या खोलीतच शाळा काढली. चार मुलं. परीक्षा नाही, रिझल्ट नाही. दहावीला मुलांना तयारी झाली वाटेल तेव्हा बाहेरून बसायचं.

त्या चारांत आमची सायली. ह्यांना पटलेलं, मला नाही.

बाकीच्या मुलांच्या रिझल्टला चाळभर पेढे वाटले जायचे. सासूबाई सायलीकडे बघून म्हणायच्या, "आमच्या चेडवाचा काय गो होतला? ता नुसता बालदीन पाणी मोजीत बसता."

मी रोज रामरक्षा म्हणायचे. सायलीसाठी, आणि ताईंना सुबुद्धी व्हावी म्हणूनही.

ताईंची एक पद्धत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजनाची फुलं मोठ्या मुलांनीच आणायची. दादरच्या फुलबाजारातून, चालत. सोबत मोठं माणूस नाही.

सायलीचा नंबर लागला तेव्हा मी ताईंना गाठलं.

"ताई, गर्दीत हरवली तर?"

"विचारत येईल की."

"आणि कुणी नेली तर?"

ताईंनी फुलांची पिशवी सायलीच्या हातात दिली.

मी डोक्यावरून पदर घेतला आणि गुपचूप मुलांच्या मागे निघाले. परळच्या पुलाशी बघते तर उघड्या छत्रीआड ताई. ऊन नाही, पाऊस नाही.

"तुम्ही?"

"हळू बोला वहिनी. दर वर्षी येते. मुलांना कळू देऊ नका."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

तेव्हापासून शाळेचा हिशेब मी लिहू लागले.

मग चिंचपोकळीला एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर दुसरी शाळा झाली, नंतर दादरला तिसरी. जागा पालकच शोधून आणायचे. पुढे टॉवरमधली मुलंही आली. सायली दहावी झाली, शिकली, बँकेत लागली.

गेल्या आठवड्यात ताईंनी बोलावलं. धाप लागत होती.

"वहिनी, सायली द्याल शाळेला?"

"आधी बऱ्या व्हा," म्हटलं.

पर्मनंट नोकरी आहे हो. लग्न व्हायचंय अजून.

आज सगळे स्मशानातून परतले, तोच पालक आमच्या दारात. एक जण म्हणाला, "काकू, सोमवारी मुलांना पाठवायचं, की दुसरीकडे ॲडमिशन बघायची?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या होकारासाठी अडली होती.

हे म्हणाले, "तुझी आई म्हणेल ते."



"पाठवा," मी म्हटलं. "सायली असेल."

ती रडायलाच लागली. पालक चपला घालून निघाले, आणि मला वाटलं, त्यांना परत बोलवावं.

नाही बोलावलं.

आता देवापुढे बसून लिहितेय. धडधड थांबत नाही.

ताई, शब्द दिलाय. तुम्ही सावकाश जा.

तुमच्या पायाशी माझा साश्रू नमस्कार.