काळू आज उठला

गाडीवेड्या मित्रांनो, हसू नका, वाचा.

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा जोर वाढवायला उल्हासनगरहून दोन मोठे सेकंडहँड टर्बो आणले होते. दुकानदार म्हणाला, "ॲक्सिडेंट गाडी का माल है साईं, लेकिन एकदम कडक." आज सुट्टी, म्हणून बदलापूरला आमच्या बिल्डिंगखालीच बसवले.

दुपारी गाडी चालू करून रेस दिली. टर्बोची शिट्टी वाजली आणि शेवटी जराशी चिरकली.

आमच्या शेजारच्या संतोषच्या गाडीची शिट्टी अशीच चिरकायची. ती ऐकली की पार्किंगमधला म्हातारा कुत्रा काळू बिस्किटासाठी धावायचा. गेल्या वर्षी हायवेवर अपघातात संतोष गेला, गाडी भंगारात गेली. तेव्हापासून काळू कुठल्याच गाडीसाठी उठत नाही.

आज उठला. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघत शेपटी हलवत राहिला. मी इंजिन बंद केलं, तरी तिथून हलेना.

बायकोला म्हटलं, टर्बो काढून टाकतो. ती म्हणाली, "नको रे. काळूसाठी संतोष दुसऱ्यांदा जाईल."

पटलं मला. पण उद्या सकाळी त्या गाडीत मला बसायचंय. तुम्ही बसला असता?