सर पाण्यात उतरले

मागच्या रविवारी उमापूरला होतो... म्हणजे सासुरवाडीला. उन्हाळ्याची सुट्टी, सकाळची वेळ, आणि सगळं घर शेतातल्या विहिरीवर पोहायला निघालेलं.

मी केजला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. उमापुरात बहुतेक सगळे मला सर म्हणतात, सासरेसुद्धा. त्यामुळे विहिरीवर गेलं की माझ्यासाठी लिंबाच्या सावलीत खुर्ची येते, मागोमाग चहा. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीतून कधी उठलो नाही. कारण साधं होतं... मला पोहता येत नाही. पण जावयाने हे सांगायचं कसं?

दरवर्षी मुलांचं आवरण्यात माझी बायको, रेखा, घरीच थांबायची. यंदा मुलं मोठी झाली, म्हणून तीही आली. ओढणी कमरेला बांधली आणि काठावरून थेट उडी मारली.

लहानपणी पोहायची, एवढं ऐकून होतो. पण वर येऊन तिनं केस मागे सारले, भावाच्या तोंडावर पाणी उडवलं आणि हसत सुटली... अशी रेखा मी पाहिलीच नव्हती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. खरं सांगतो, जरा लागलं. ती तिकडे एवढ्या मजेत, आणि मी इकडे शर्टाची इस्त्री सांभाळत बसलेलो.

मेव्हणा खालून म्हणाला, "दाजी, येता का?" दरवेळी विचारतो, आणि दरवेळी मी सर्दीचं कारण सांगतो. यावेळी तोंडातून निघून गेलं, "मला येत न्हाई पोहायला."

माझे कान तापले... मग सासरे उठले आणि मोटारीपाशी पडलेला रिकामा कॅन आणि दोर घेऊन आले. "उभे ऱ्हावा सर, पाठीला बांधतो." बस, इतकंच.

बनियन आणि हाफ पँटवर पायऱ्या उतरलो. पोट सुटलेलं दिसतंय, मेव्हणे बघतायत, उद्या गावभर होईल... डोक्यात नुसती गर्दी. पाणी छातीला लागलं तसा मी मागच्या पायरीचा दगड घट्ट धरला.

रेखा समोर आली. "सोड ती पायरी."

"थांब जरा."

"सोड म्हणते ना. भिऊ नको, मी हाय."

सोडली. नाकातोंडात पाणी गेलं, काही दिसेना. "पाय मार. अरे, पाय मार की... मान वर कर. आता श्वास घे."

पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. पोट विसरलो, मेव्हणे विसरलो, कॉलेज विसरलो. एक श्वास, मग पुढचा श्वास... आणि पुढे पुढे सरकणारा तिचा हात. समोरच्या दगडाला बोटं टेकली तेव्हा कळलं, विहीर ओलांडली. मला हसू आवरेना.

तेवढ्यात काठावरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, जावायाला अरे-तुरे करत्यात व्हय चारचौघात?"

तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या लक्षात आलं. लग्नापासून ती मला 'अहो' म्हणते. तिचा चेहराच उतरला.

"राहू द्या मामी," मी म्हणालो, "अहो म्हणत बसली असती तर मी अजून पायरीलाच असतो." सगळी विहीर हसली. सासरे तर खोकला येईपर्यंत हसले.

मग रेखानं पाठीचा कॅन सोडला आणि मला उताणं झोपवून मानेखाली तळहात धरला. कान पाण्यात, त्यामुळे आवाज सगळे बंद. वर गोल आभाळ, आणि कपारीतून पारवे बाहेर पडत होते, परत येत होते... मी नुसता बघत होतो. तिनं हात कधी काढून घेतला, कळलंच नाही.

रेखा, ही पोस्ट तू वाचशीलच. शिकवल्याबद्दल थँक यू... इतकी वर्षं सोबत राहून त्या दिवशी तुला पहिल्यांदा भेटल्यासारखं वाटलं.