मतलई वाऱ्याआधीचा दर्या

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नवऱ्याला नोकरी लागली, तेव्हा हर्णैकडचा किनारा सोडून आम्ही रहाटणीत एका शेतकऱ्याच्या घरामागच्या खोलीत राहायला आलो. दोघंही कोळ्यांच्या घरातले. पावसाळाभर हे शांत असायचे, कारण तेव्हा गावीही होड्या किनाऱ्यावरच ओढलेल्या. पण नारळी पुनव झाली की यांचं कशात लक्ष लागेना. पहाटे अंगणात उघड्या अंगानं उभे राहून वारा कुठून येतो ते बघायचे.

"हितल्या वाऱ्यावरनं तिथला दर्या कळतो व्हय?" घरमालकीण विचारायची.

"नाय कळत," हे म्हणायचे आणि तिथंच उभे राहायचे.

दुसऱ्या वर्षी गौरी गेल्या आणि हे रजा टाकून निघाले, सासऱ्यांच्या मचव्यावर मासेमारीला. मला ती वेळ बरी वाटेना. भाद्रपदातला दर्या वरून निवळ दिसतो, पण लांब कुठं वादळ असलं तर इकडे पान हलत नसतानाही जाड, सावकाश लाटा येत राहतात. पहाटे जमिनीवरून पाण्याकडे मतलई वारा वाहू लागला, की मगच जाणती माणसं आत जातात.

"मतलई धरेपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"तोवर रजा कोण देतो?"

हे गेले आणि इकडे पाऊस पुन्हा उलटून आला. पवना नदी गढूळ होऊन चढली. मला एका जागी बसवेना. भाकरी तव्यावर करपायची, घासलेली भांडी मी पुन्हा घासायला घ्यायचे.

"येतंय मानूस," घरमालकीण म्हणायची. "दारात उभं ऱ्हायल्यानं लवकर येत न्हाई."

हे परतले ते दोन्ही तळहातांना फडकी बांधून. जाळ्यात बांगडा भरला होता, तेवढ्यात लाटा उठल्या. जाळं तोडा, असं सासरे ओरडत होते. यांनी दोर सोडला नाही. कारखान्यात मऊ पडलेले हात सोलून निघाले. शेवटी सासऱ्यांनीच कोयत्यानं दोर तोडला आणि मचवा कसाबसा खाडीत घेतला.

"मामंजी रागावले?"

"नाय. हळद लावली. म्हणाले, यायचं तर हंगामभर ये, नायतर तिकडेच ऱ्हा."

हातांच्या जखमा भरेपर्यंत मी यांना भरवलं. मग हे पुन्हा कामावर जाऊ लागले, पण जेवताना मध्येच उठून वारा बघायला अंगणात जायचे. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी यांनी नोकरी सोडली. आम्ही गावी पोचलो तेव्हा सासऱ्यांनी मचव्यावर जागा करून दिली. या खेपेला मतलईची वाटही पाहिली. मी बायकांबरोबर वाळूवर मासे सुकवत बसायचे. हे पाण्यावर असले की मात्र वाटायचं, रहाटणीतच बरं होतं.