शिलाई मशीन, तीनशेच्या वर नाही!

लिलावात जास्त पैसे जाऊ नयेत म्हणून काय करावं, यावर सौंसरात माझ्याइतका अभ्यास कोणाचाच नव्हता. मी तोवर एकही लिलाव पाहिलेला नव्हता, एवढीच काय ती उणीव.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. मी शाळेत गणिताचा मास्तर. माझ्या बायकोला, निर्मलाला, घरी ब्लाउज शिवून स्वतःचे चार पैसे मिळवायचे होते, आणि नवी शिलाई मशीन माझ्या पगारात बसत नव्हती. अशात पांढुर्ण्याच्या एका म्हाताऱ्या टेलरनं दुकान बंद केलं आणि सगळं सामान लिलावात काढलं.

मी निर्मलाचा वर्गच घेतला. "पयला नियम, हद्द ठरवायची. तीनशे! दुसरा, आपण सोता बोली लावायची नाही. आपली गरज तोंडावर दिसते अन् भाव चढते."

"अन् बोली तीनशे पाचवर गेली तं?"

"उठून यायचं."

"पाच रुपयासाठी?"

"नियम म्हणजे नियम!"

"बरं," ती म्हणाली. (लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या 'बरं'ला तरी मी घाबरायला हवं होतं!)

बोली लावायला मी आमच्या शाळेतल्या ड्रिलच्या खवसे मास्तरांना नेलं. हुकूम पाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर छत्री उघडून बसतो. छत्री उघडी हाये तवर बोलत जा. मिटली का बंद!" ऑक्टोबरचं ऊन, छत्रीचा संशय कोणाला येणार? मी स्वतःवरच खूश झालो.

बोली पुकारायला संत्र्याच्या मंडीतला एक दलाल होता. त्याचा आवाज नागपूरपर्यंत जात असावा. शंभरापासून सुरुवात झाली. अडीचशेला बहुतेक लोक गळाले. एकच गडी हटेना.

"दोनशे ऐंशी!" तो गरजला.

आवाज ओळखीचा वाटला. मी छत्रीखालून हळूच पाहिलं. मोहगावचे मामाजी! म्हणजे माझे सासरे! संत्र्याच्या बागेचे मालक, आणि एकदा बोलले की मागं न हटणारे. त्यांना मी कालच निरोप पाठवला होता की तापानं फणफणलो आहे, संत्री तोडायला येऊ शकत नाही!

"तीनशे!" खवसे म्हणाले.

"तीनशे वीस!" मामाजी.

आता छत्री मिटायची. पण मिटली की दहा पावलांवरच्या मामाजींना त्यांचा तापलेला जावई भजी खाताना दिसणार! मी छत्री आणखी खाली ओढली. खवसेंना वाटलं, हुकूम अजून कडक झाला.

"साडेतीनशे!"

"तीनशे ऐंशी! हा टकला कोन होय बे? कोनाच्या जिवावर बोलून राहिला?"

"च्यारशे दहा!" खवसे छाती काढून म्हणाले.

माझ्या खिशात मोजून तीनशे होते, आणि त्यातून भज्यांचे पैसे द्यायचे होते! बोली चारशे तीस झाली, चारशे पन्नास झाली, चारशे सत्तर झाली. खवसेंनी "च्यारशे नव्वद!" ठोकले आणि मामाजी पहिल्यांदाच थांबले. दुपट्ट्यानं घाम पुसू लागले.

"च्यारशे नव्वद, एक बार!"

म्हणजे मशीन आता खवसेंना पडणार होती, म्हणजे मला! मी फटकन छत्री मिटली.

"जवाईबापू? तुमी? ताप उतरला का?"

"दोन बार!"

"मामाजी, तापाचं मंग सांगतो, आधी बोली बोला!" मी किंचाळलो.

"पाचशे!" मामाजी दणकून ओरडले.

खवसेंनी मिटलेल्या छत्रीकडे पाहिलं आणि सावधान उभे राहिले. "पाचशे, एक बार, दोन बार, तीन बार!" दलालानं बोली तोडली.

मामाजी धापा टाकत माझ्याजवळ आले. "निर्मलाचा निरोप आला व्हता. म्हणे बाबा, हे तीनशाच्या वर पैसा जाऊ देणार नाहीत, तुमीच घेऊन द्या. घ्या, पोरीले माह्याकडून भेट!"

खवसेंना मी डोळ्यानंच मागच्या बसनं यायला खुणावलं, आणि मशीन बसच्या टपावर चढवून मामाजी आणि मी सौंसरला आलो. निर्मलानं चाक एकदा फिरवून पाहिलं, आणि लग्नातसुद्धा दिसली नव्हती एवढी खूश दिसली. हवी ती मशीन घरात, माझी हद्द शाबूत! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला खरं काय ते सांगून टाकलं.

जेवताना मामाजी म्हणाले, "तुमी गणिताचे मास्तर. खरं सांगा, जास्त तं नाही ना गेले?"

"थोडे जास्तच गेले, मामाजी," मी गंभीरपणे म्हणालो. "तो टकला नसता, तं दोनशे ऐंशीत उरकलं असतं."

निर्मला तोंडाला पदर लावून आत पळाली.

"पाहा! म्हणूनच शिकेल माणूस संगं पायजे. आता कोठीही हर्रास असली का तुमाले इचारूनच बोली लावीन!"

पुढं कित्येक वर्षं ते मला प्रत्येक लिलावाला तज्ज्ञ म्हणून नेत राहिले. मीही चोख सल्ला द्यायचो. आधी फक्त एवढं बघून घ्यायचो, की समोरून बोली लावणारा माणूस मीच तर पाठवलेला नाही ना!